पॉली होर्कॉफची कुंडी

पॉली होर्कॉफने उभं आयुष्य गांजा पिकवला, आणि तेवढ्या काळात तिच्या पिकाचं तिच्या तोंडावर कौतुक केलं ते एकाच माणसाने, तिच्या नवऱ्याने. बाकी कुणाला सांगायची सोयच नव्हती.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता संपून लाकूडतोडीच्या गाड्यांचा कच्चा रस्ता लागतो तिथे तिचं आणि डेलचं घर होतं. डेल अमेरिकन. व्हिएतनामच्या लढाईत जायचं नाही म्हणून ऐन तारुण्यात सीमा ओलांडून आला आणि इथलाच झाला. पॉली खोऱ्यातलीच, रशियातून आलेल्या दुखोबोर पंथाच्या लोकांच्या घरातली. तिच्या माहेरी दारू-तंबाखूचं नाव काढलं तरी म्हातारी माणसं ताटावरून उठत. गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की डेल चेनसॉ दुरुस्त करतो आणि पॉली गोधड्या शिवते. दोन्ही खरं होतं, पण त्यावर घर चालत नव्हतं. घर चालायचं ते देवदारांच्या आड, दक्षिणेकडच्या उतारावर दडवलेल्या झाडांवर.

पाणी चढवणं आणि माल पोचवणं डेलकडे. झाडं मात्र पॉलीची. कुठलं ठेवायचं, कुठलं उपटायचं, कुणाचं बी कुणाशी जुळवायचं, हे तिचं ती ठरवायची. अशी निवड करता करता तिने स्वतःचं एक वाण तयार केलं होतं. बुटकं, काटक, पहिला बर्फ पडायच्या आत हाताशी येणारं, आणि तुरा बोटांत चुरगळला की पिकल्या हकलबेरीचा आणि ओल्या लाकडाचा वास सोडणारं. त्या वाणाला नाव नव्हतं. नाव ठेवायचं तरी कुणासाठी?

मग कायदा बदलला, गांजाला मुभा मिळाली, पण तोवर डेलचं हृदय थकलं होतं आणि पॉलीचे गुडघे. डोंगरावरची लागवड त्यांनी आधीच सोडली होती. डेल गेल्यावर पॉलीने वरचं घर विकलं आणि गावात एका सहकारी सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. मुलीने, रोवनने, सामान लावून दिलं. बाल्कनी नैर्ऋत्येला तोंड करून होती. पॉलीने भांडी-कपाटं बघायच्या आधी बाल्कनीत जाऊन ऊन कुठपर्यंत येतं ते पाहिलं, तेव्हाच रोवनच्या ध्यानात आलं.

"आई, नको."

"मी काही बोलले का?"

"तू उन्हाकडे बघतेयस."

"म्हाताऱ्या बाईने उन्हाकडे बघू नये असा काही नवीन कायदा झालाय का? कायदा तर म्हणतो, घरटी चार झाडं लावा. रस्त्यावरून दिसली नाहीत म्हणजे झालं."

रोवन गावातल्या शाळेत उपमुख्याध्यापिका होती. पडद्याचा दांडा तिने जरा जास्तच जोरात ठोकला.

बी फ्रीजमध्ये एका पत्र्याच्या डबीत होतं. वर्षानुवर्षं तसंच पडलेलं. एप्रिलमध्ये पॉलीने ते सगळं ओल्या फडक्यात घातलं, आणि मोजकेच कोंब आले. एक उगवता उगवताच मानेशी सडला. राहिले दोन. ते दोन गेले असते तर तिचं वाण जगातून गेलं असतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. रोज सकाळी खिडकीशी जाऊन मात्र ती आधी त्यांच्याशी बोलायची आणि मग चहा ठेवायची.

थंडी सरल्यावर तिने रोपं बाल्कनीत काढली. जूनच्या शेवटी एका रोपाच्या पेराशी बारीक गोंडे लटकले. नर. पॉलीने त्याला उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवलं. त्याचा पराग गोळा केला, आणि पुढे मादीला केसर फुटले तेव्हा वारा पडलेला बघून चित्रकलेच्या बारीक ब्रशने अगदी खालच्या एकाच फांदीवर फिरवला. बाकी झाडावर पाण्याचा फवारा मारून ठेवला, म्हणजे उडालेला पराग जागीच मरतो. त्या फांदीला तिने लाल दोरा बांधला. पुढच्या वर्षाच्या बियाची सोय झाली. आता बाल्कनीत एकच झाड उरलं, आणि पॉलीने सगळा जीव त्याच्यावर लावला.

तिसऱ्या मजल्यावरचा वारा डोंगरावरच्या वाऱ्यापेक्षा वाईट. तो कोपऱ्यावरून वळून येतो आणि सरळ शेंड्याला धरतो. शिवाय कठड्याच्या वर काही दिसता कामा नये. म्हणून पॉलीने झाडाला उंच जाऊच दिलं नाही. कोवळा शेंडा वाकवून कुंडीच्या काठाला बांधला, मग बाजूच्या फांद्या, मग त्यांच्याही फांद्या, जुन्या चादरीच्या मऊ पट्ट्यांनी. ऑगस्टपर्यंत झाड परातीसारखं पसरलं आणि परातभर तुरे आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. कठड्याला तिने वेताची तट्टी लावली होती. खालून बघणाऱ्याला वाटावं, कुणी म्हातारी उन्हाला कंटाळलेली दिसते.

एका सकाळी दारावर टकटक झाली. बाहेर खालच्या मजल्यावरचा ऑर्व्हिल लिंडग्रेन उभा होता. वय ऐंशीच्या आसपास, पँटला पट्टाही आणि गॅलिसही.

"तुमचं पाणी माझ्या डेलियांवर पडतं," तो म्हणाला.

"पाणीच आहे ना?"

"पाणी नुसतं असतं तर मी वर आलो नसतो. त्यात मासळीचं खत आहे. माझ्या पांढऱ्या डेलियावर तपकिरी डाग पडलेत. तीन वर्षं मी त्या फुलाच्या मागे आहे, बाई."

पॉलीने माफी मागितली, कुंडीखाली परात ठेवली आणि विषय संपला असं तिला वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात नगरपालिकेचा माणूस आला. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण पोरगा. म्हणाला, "मॅडम, तक्रार आहे. झाड रस्त्यावरून दिसतं म्हणे. बघू का?"

पोलिसांचं हेलिकॉप्टर डोंगरावर घिरट्या घालू लागलं की देवदारांखाली दडून बसायचं, अशी कितीतरी वर्षं तिने काढली होती. आता काळजी करण्यासारखं काही नाही हे तिला माहीत होतं, तरी दाराची साखळी काढायला तिला वेळ लागला. तिने दार उघडलं आणि त्याच्या मागे बाल्कनीत गेली. आयुष्यात पहिल्यांदाच एक सरकारी माणूस तिच्या झाडासमोर उभा होता.

त्याने कठड्यावरून खाली वाकून पाहिलं, तट्टी हलवून पाहिली. मग झाडाकडे वळला आणि तिथेच खिळला.

"हे एकच झाड आहे?"

"एकच."

"एका कुंडीत? एवढं?" त्याने गुडघे टेकून खालून फांद्या पाहिल्या. "तट्टी ठीक आहे, मॅडम. रस्त्यावरून काही दिसत नाही, मी तसं कळवतो." तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. "एक विचारू? माझ्या झाडाची खालची पानं पिवळी पडतायत. मी पाणी वाढवलं, तरी..."

"पाणी कमी कर," पॉली म्हणाली. "कुंडी उचलून बघ. हलकी लागली तरच घाल. पोरं नेहमी पाणी पाजून मारतात झाडाला."

तो गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि हसत सुटली. मग रागाने उठली, जिना उतरून खाली गेली आणि ऑर्व्हिलचं दार वाजवलं.

"तक्रार तुम्ही केलीत?"

"मी?" ऑर्व्हिल खवळला. "मला तक्रार करायची असती तर पाण्याची केली असती! पाला दिसतो म्हणून कुणी तक्रार करतं? ते समोरच्या इमारतीतलं कुणीतरी असणार. तिथे दुर्बिणी घेऊन बसणारे लोक आहेत, पक्षी बघतो म्हणतात." मग तो घुटमळला. "आता आलाच आहात तर माझी फुलं बघून जा."

पॉलीने फुलं पाहिली. ताटाएवढी होती. मग ऑर्व्हिल वर आला आणि त्याने झाड पाहिलं. पाठीमागे हात बांधून तो त्याच्याभोवती जमेल तेवढा फिरला. त्याला गांजातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाढवलेलं झाड कळत होतं.

"ऑक्टोबरच्या जत्रेत ठेव हे," तो म्हणाला. अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"झाड नेता येत नाही. फुललेलं झाड घराबाहेर न्यायला बंदी आहे."

"झाड नाही गं. सुकवलेला माल, बरणीत. या वर्षी पहिल्यांदाच गट ठेवलाय. भोपळे, लोणची, डेलिया, आणि आता हे. तुझ्यापुढे कुणी टिकेल असं मला वाटत नाही. का घाबरतेस?"

पॉली घाबरत नव्हती. निदान स्वतःसाठी तरी नाही.

त्या रविवारी रोवन जेवायला आली. पॉलीने माहेरचं बोर्श्ट सूप केलं होतं, साय आणि शेपू घालून. वाढता वाढता तिने जत्रेचं काढलं. रोवनने चमचा खाली ठेवला.

"शाळेचा सूपचा स्टॉल असतो तिथे, आई. मी उभी असते. सगळे पालक येतात."

"आता ते बेकायदा नाही."

"माहीत आहे मला. बेकायदा नाही म्हणून सगळं पुसलं जातं का?" रोवनचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "चौथीत असताना हेझल सायकलवरून आपल्या घरी आली होती. एवढा चढ चढून. माझ्या वाढदिवसाची भेट घेऊन. तू तिला फाटकातून परत पाठवलंस. घरात गोवर आलाय म्हणून सांगितलंस. माझा प्रत्येक वाढदिवस गावातल्या तरणतलावावर झाला. सगळ्यांना वाटायचं मला पोहायची केवढी हौस. मला पोहणं आवडतच नाही, आई."

पॉलीला हेझल आठवत होती. लाल हेल्मेट. तिला त्या दिवशीची कापणीही आठवत होती. कोठीत छतापर्यंत फांद्या टांगलेल्या होत्या आणि अर्ध्या डोंगराला वास सुटला होता.

"दुसरं काय केलं असतं मी?"

"काहीच नाही. तेच तर." रोवनने चमचा उचलला. "तुला ठेवायचं तर ठेव. तुझी मर्जी. बोर्श्ट छान झालंय."

सप्टेंबरात वणव्यांचा धूर खोऱ्यात उतरला. सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसायला लागला आणि कठड्यावर राखेची साय धरली. पॉली झाडावर सुती कापडाची छपरी करून बसली आणि मऊ ब्रशने पान न् पान झाडत राहिली. ऑर्व्हिलने स्वतःच्या डेलियांवर छत्र्या बांधल्या होत्या. वरून खाली, खालून वर आरडाओरडा चालायचा: "वारा फिरला का गं?" "फिरला! छत्र्या काढू नकोस!" अखेर पाऊस आला, धूर धुऊन गेला. तोवर तुऱ्यांवरचे राळेचे थेंब दुधाळ झाले होते. पॉलीने भिंगातून पाहिलं आणि कात्री काढली.

कपाटातले कपडे पलंगावर गेले आणि कपाटात फांद्या टांगल्या गेल्या. सगळ्यांत खालच्या, लाल दोऱ्याच्या फांदीतून टपोरं, वाघासारखे पट्टे असलेलं बी निघालं. ते पॉलीने फ्रीजमधल्या त्याच पत्र्याच्या डबीत भरलं. डेल असता तर त्याने दोन दाणे उचलून कानाशी वाजवले असते.

जत्रेच्या सकाळी ती आणि ऑर्व्हिल त्याच्या ट्रकमधून सभागृहात गेले. दोघांच्या मध्ये डेलिया, तिच्या मांडीवर बरणी. टेबलामागच्या मुलीने विचारलं, "नाव?"

पॉलीने सूपच्या स्टॉलकडे पाहिलं. रोवन ॲप्रन बांधून कुणाशी तरी हसत बोलत होती. पॉलीच्या तोंडून निघालं, "ऑर्व्हिल लिंडग्रेन."

"काय?" ऑर्व्हिल म्हणाला.

"गप बस," पॉली कुजबुजली. "एवढा उपकार कर."

"माझं नाव? गांजाला?" त्याने क्षणभर विचार केला आणि खांदे उडवले. "बरं. बायको असती तर हाकलून दिलं असतं मला."

दुपारी निकाल लागले. ऑर्व्हिलच्या पांढऱ्या डेलियाला तिसरं बक्षीस मिळालं आणि त्याने परीक्षकाला, त्याच्या आईवडिलांना आणि त्याच्या चष्म्याला नावं ठेवली. मग दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. तिथे बरीच गर्दी होती. पॉलीच्या बरणीवर लाल फीत होती. पहिला नंबर.

परीक्षक कॉनी नावाची साठीची बाई होती, पाठीवर पांढरी वेणी, रोपवाटिका चालवायची. बरणी तिच्या हातातच होती. खाली ठेवायला ती तयारच नव्हती.

"ऑर्व्हिल लिंडग्रेन कोण?"

ऑर्व्हिलला गर्दीने पुढे ढकललं.

"अभिनंदन," कॉनी म्हणाली. "तुम्ही कुठे वाढवलंत हे?"

"बाल्कनीत," ऑर्व्हिल म्हणाला. एवढं खरं होतं.

"खत कुठलं?"

"डेलियांना घालतो तेच."

कॉनीच्या भुवया वर गेल्या. "आणि सुकवलं कसं? ही सुकवण कमाल आहे. हे फार थोड्यांना जमतं."

ऑर्व्हिलने छताकडे पाहिलं. "ओव्हनमध्ये," तो म्हणाला. "मंद आचेवर."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि पॉलीचं डोकं फिरलं.

"ओव्हनमध्ये?" ती ओरडली. "ओव्हनमध्ये! ती काय बिस्किटं आहेत? कपाटात टांगून सुकवलंय ते, अंधारात, दार किलकिलं ठेवून, काडी कट्कन मोडेपर्यंत! डेलियांचं खत म्हणे! डेलियांचं खत घातलं असतं तर नुसता पाला आला असता, गाढवा!"

ऑर्व्हिलने मोठा सुस्कारा सोडला, ओझं उतरवलेल्या हमालासारखा.

"म्हणजे हे तुमचं आहे?" कॉनीने विचारलं.

पॉलीने मागे वळून पाहिलं. ओरडणं ऐकून रोवन स्टॉल सोडून आली होती आणि हातातला डाव तसाच धरून गर्दीच्या कडेला उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पॉली पुन्हा पुढे वळली. आता मागे घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि मागे घ्यायची तिला इच्छाही नव्हती.

"माझं," ती म्हणाली. "झाड माझं, बी माझं, वाणही माझंच. मी पॉली होर्कॉफ."

"वरच्या खोऱ्यातल्या?"

"हो."

कॉनीने बरणी पुन्हा नाकाशी नेली, आणि तिचे डोळे भरून आले. "मी तरुणपणी स्की-लिफ्टवर कामाला होते. दर हिवाळ्यात एक माल यायचा. जॅमच्या बरणीत, झाकणावर ठिपक्यांचं कापड बांधलेलं. नेमका हाच वास. आम्ही त्याला 'मावशीचा जॅम' म्हणायचो. अख्ख्या डोंगरावर त्याच्यासारखं काही नव्हतं. कोण करतं ते मी ज्याला त्याला विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. मग एक वर्ष तो यायचाच बंद झाला. पोरं सुतकात असल्यासारखी फिरत होती."

"मावशीचा जॅम?" पॉली म्हणाली. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. "कापड डेल बांधायचा. माझ्या गोधड्यांचे तुकडे चोरून! मला म्हणायचा, उंदीर नेतात."

सगळे हसले. पॉलीही हसली. आपलं पीक दूर कुठेतरी लोकांच्या तोंडी होतं, त्याला एक लाडाचं नावही होतं, लोक त्याची वाट बघत होते. आणि आपण मात्र इतकी वर्षं त्याला बिननावी समजत होतो. तिला वाटलं, पाठीचा कणाच सरळ होतोय.

तेवढ्यात जत्रेच्या अध्यक्ष मिसेस बेली गर्दीतून वाट काढत आल्या. नियमांच्या बाबतीत त्या स्वतःच्या बहिणीचंही ऐकत नसत.

"नोंद दुसऱ्याच्या नावाने झाली आहे," त्या म्हणाल्या. "बक्षीस देता येणार नाही. नियम म्हणजे नियम."

"अहो, पण माल तर हिचाच..." कॉनीने तोंड उघडलं.

"काढा फीत," पॉली म्हणाली. "बरोबर आहे त्यांचं." आणि तिने स्वतःच्या हाताने लाल फीत सोडून मिसेस बेलींच्या हातात दिली. ती दुसऱ्या नंबरच्या बरणीवर गेली. ती बरणी नगरपालिकेच्या त्या ओळखपत्रवाल्या पोराची निघाली. तो कानापर्यंत लाल झाला आणि पॉलीचा हात हातात घेऊन दोनदा म्हणाला, "मॅडम, मी पाणी कमी केलं होतं."

गर्दी पांगेना. लोक ओळीने बरणीचा वास घ्यायला येत होते आणि प्रश्न विचारत होते. पॉली उत्तरं देत होती: माती कुठली, शेंडा कधी वाकवायचा, वाऱ्याचं काय करायचं. रोवन जवळ आली तेव्हा ती वाक्याच्या मध्येच थांबली.

"ऑर्व्हिलचं नाव का दिलंस?" रोवनने विचारलं.

"तुझ्यासाठी. पालक असतात म्हणालीस."

"माझ्यासाठी," रोवन म्हणाली. तिने हातातल्या डावाकडे असं पाहिलं, जणू तो तिथे कसा आला हेच तिला कळत नव्हतं. "आई, मी तुला कधी ठेवू नकोस म्हटलं का? मला फक्त एवढंच हवं होतं की कधीतरी एकदा तू खरं सांगशील. कुणाला तरी. कुणालाही."

"सांगितलं की आता."

"हो. ऑर्व्हिलला गाढव म्हणून." रोवनला हसू आलं, आणि हसता हसता तिने नाक पुसलं. "आणि नियम बरोबर आहे हं. मीसुद्धा फीत काढली असती."

"तू माझीच मुलगी आहेस," पॉली म्हणाली.

गर्दीत एक बाई आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती, रोवनच्या शाळेतल्या कुणाची तरी आई. तिने रोवनला ओळखलं आणि बरणीकडे बोट दाखवून विचारलं, "हे कुणी पिकवलंय म्हणे? सगळे त्याच्याबद्दलच बोलतायत."

पॉलीने आपोआप एक पाऊल मागे घेतलं. रोवनने तिचा दंड धरला आणि तिला पुढे आणलं.

"हिने," रोवन म्हणाली. "ही माझी आई. तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत, एका कुंडीत. आणि त्याआधी डोंगरावर, माझं सगळं लहानपण. या खोऱ्यात हिच्यासारखं कुणाला जमत नाही."

ती बाई "अय्या!" म्हणाली आणि लगेच विचारलं, "आमची बाल्कनी पूर्वेला आहे हो. तिकडे येईल का?"

"सकाळचं ऊन किती वाजेपर्यंत असतं?" पॉलीने विचारलं, आणि उत्तर ऐकायला ती टेबलाच्या कडेवर टेकून बसली. रोवन सूपचा वाडगा घेऊन आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. स्टॉलवर तिची वाट बघणारे लोक होते, ते जरा वेळ तसेच थांबले.